पाच ऑगस्ट की आठ मे

रक्तपेढीतल्या मोठ्या फ्रीजमागे गुडघ्यावर बसून मी जाळी साफ करत होतो, तेव्हा डोक्यावरून आवाज आला, "अहो मेकॅनिक, त्यांना दार उघडू देऊ नका!"

वर पाहिलं. एक मुलगी. थंड हवेने चष्म्यावर धुकं धरलेलं. दिसत तर तिला काहीच नसावं, पण बोट बरोब्बर माझ्यावर रोखलेलं.

"कुणाला?"

उत्तराआधीच भांडारप्रमुख आले. एका हातात छापील यादी, दुसऱ्या हातात कचऱ्याची पिवळी पिशवी. ते तिच्यावर खेकसले,

"बाजूला हो. रक्ताच्या चाळीस पिशव्यांची मुदत आठ मेला संपली. आज दहा जुलै. नोंदी तूच केल्यास ना? मग मोठ्या बाईंना उत्तरही तूच दे. नोकरीचं काही खरं नाही तुझ्या."

"रक्त चांगलं आहे, साहेब. मुदत पाच ऑगस्टची आहे."

"यादी खोटी आणि तू खरी?"

त्यांनी दाराच्या मुठीला हात घातला. मी उभा राहिलो. "थांबा, गॅस भरतोय. अर्धा तास दार उघडता येणार नाही."

गॅसबिस मी काही भरत नव्हतो. ते चरफडत मोठ्या बाईंना बोलवायला गेले. तिने चष्मा पुसला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"खोटं बोलायची सवय नाही वाटतं? कान लाल झालेत तुमचे."

"तुमच्यासाठी — म्हणजे, रक्तासाठी बोललो."

"आधी काय म्हणालात?"

मी पाना शोधू लागलो. पाना हातातच होता... ती हसली आणि संगणकासमोर बसली.

मोठ्या बाई म्हणजे रक्तपेढीच्या मुख्य डॉक्टर. आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. ही उठून उभी राहिली, पण आवाज हलला नाही.

"बाई, यादीप्रमाणे हे रक्त सात जानेवारीला घेतलं आणि आठ मेपर्यंत चाललं. आपलं रक्त पस्तीस दिवस टिकतं. इथे चार महिने कसं टिकलं?"

बाईंनी यादी डोळ्यांजवळ नेली.

"एक जुलैला घेतलंय, पाच ऑगस्टपर्यंत चालेल," ती पुढे म्हणाली. "माझ्या संगणकावर नोंद तशीच आहे. यादी आणि पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या नव्या संगणकावर छापल्या. त्याच्या सेटिंगमध्ये महिना आधी आणि दिवस नंतर. आतली तारीख तीच आहे, दिसते तेवढी उलटी, पाच-आठच्या जागी आठ-पाच."

"दाखव."

तिने संगणकावर टेबलाचं, म्हणजे मूळ नोंदींच्या तक्त्याचं, डिझाइन उघडलं. तारखेच्या रकान्यात फॉरमॅट बदललं : दिवस आकड्यात, महिना अक्षरात, वर्ष पूर्ण. यादी पुन्हा छापली — उलटीच! भांडारप्रमुख छद्मीपणे हसले. तिने पडद्यावरची नजर न हलवता सांगितलं,

"यादी आधीच बनवलेली आहे, तिचं फॉरमॅट वेगळं असतं. टेबलात बदललं म्हणून तिथे आपोआप बदलत नाही." मग तिने यादीचं डिझाइन उघडलं, मग चिठ्ठ्यांचं, मग नोंदीच्या फॉर्मचं. प्रत्येकात तेच लिहिलं. प्रिंटर पुन्हा कुरकुरला. कागदावर चाळीस ओळी, प्रत्येकीत स्वच्छ अक्षरांत ऑगस्ट. आता कुठल्याही संगणकावर छापा, महिना महिनाच दिसणार.

"पिशव्या जागच्या जागी राहू देत," बाई म्हणाल्या. "आणि नव्या चिठ्ठ्या ही स्वतः लावेल. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

पुढच्या तीन आठवड्यांत मी पाच वेळा गेलो.

"फ्रीज बिघडलाय का?" ती विचारायची.

"बिघडतोय का ते बघायला आलोय."

"बघा हं... निवांत बघा."

चार ऑगस्टला शेवटची पिशवी गेली, एका बाळंतिणीसाठी. संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला. आई आणि बाळ दोघंही सुखरूप. ती फोन ठेवून माझ्याकडे वळली. "चाळीसच्या चाळीस!" असा चेहरा मी कधी कुणाचा पाहिला नव्हता. मला राहवलं नाही.

"माझ्याशी लग्न कराल?"

"एकदम? मध्ये काही बोलायची पद्धत असते की नाही?"

"मला येत नाही तसं बोलायला."

ती हळूच म्हणाली, "मलाही कुठे येतं... हो."

सव्वीस वर्षं आमचा संसार झाला. ती जाऊन सात महिने झाले. घरात अजून करमत नाही, म्हणून बाजारात उगाच फिरतो. समोरून माणसं येतात, बायका येतात, पंचविशी ओलांडलेली पोरं येतात. त्या चाळीस पिशव्यांवर वाचलेल्यांपैकी कुणी त्यांत असेलही. त्यांना काही ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. मी ताठ चालतो. ती माझी बायको होती.