ताट वाढून ठेवलं होतं...

ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही. माझ्या घरात, माझ्याच जेवणाच्या टेबलावर घडली आहे. पटली नाही तर सोडून द्या. मला ती सोडत नाहीये, म्हणून लिहितेय.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. दुसरा शुक्रवार. संध्याकाळचे पावणेआठ.

पिरंगुटजवळच्या कासार आंबोलीत आम्ही तळमजल्याच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. मी सायली, घरूनच काम करते. माझा नवरा निरंजन हिंजवडीत नोकरीला. घरमालकीण रत्नाबाई वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. त्यांचे यजमान, गेणबा, दोन वर्षांपूर्वी वारले होते. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो.

आधी एक सांगते. मला उष्टं चालत नाही.

कुणाचंच नाही. लग्नात निरंजनने भरवलेला घाससुद्धा मी हळूच रुमालात काढला होता. त्याला ते कधी कळलं नाही.

पण त्या शुक्रवारच्या आठ दिवस आधी माझी ही किळस त्याला कळली.

पिरंगुटला आम्ही त्याच्या मित्रांसोबत होतो. त्याने अर्धा खाल्लेला वडापाव मला दिला. मी त्याचे दात लागलेला भाग तोडला आणि कुत्र्याला टाकला. सगळ्यांसमोर. शेखर, त्याचा मित्र, फिदीफिदी हसला.

निरंजन हसला नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "सायली, तुला माझी किळस येते."

त्यानंतर आठ दिवस अबोला. बुधवारी तो म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून मी शेखरकडे राहतो." भांडून म्हणाला असता तर मी मनावर घेतलं नसतं. तो अगदी शांतपणे म्हणाला.

म्हणून हे जेवण. हे फसलं तर सगळं संपलं, हे मला माहीत होतं.

पांढरा टेबलक्लॉथ घातला. दोन मेणबत्त्या, गुलाब, नव्या पांढऱ्या प्लेट्स. चिकनचं सुकं, तांदळाची भाकरी, आंबेमोहोर भात. त्याला फोन केला. "ट्रॅफिकमध्ये आहे. वीस मिनिटं," म्हणाला. आवाज जरा मऊ वाटला.

फोटो काढायचा होता, म्हणून मी दोन्ही प्लेट्स वाढूनच ठेवल्या. दार आतून कडी लावून बंद केलं आणि साडी नेसायला आत गेले.

निऱ्या घालत होते, तेवढ्यात...

खुर्ची सरकली.

"आलास?" मी विचारलं.



मग... मचमच.

कुणीतरी तोंड उघडं ठेवून चावत होतं. हाड चोखल्याचा आवाज आला. मग कडकन हाड फुटल्याचा. मग रश्श्याचा लांबलचक भुरका. मी सुकं केलं होतं. रस्सा केलाच नव्हता.

 आधी आली ती शिसारी. भीती तिच्या मागून आली.

"निरंजन?"

आवाज थांबला.

मग एक ढेकर... आणि पाणी ओतल्याचा आवाज.

मी निऱ्या हातात धरून तशीच बाहेर आले. खोलीत कुणी नव्हतं. दाराची कडी आतून तशीच होती. मेणबत्त्या जळत होत्या.

निरंजनची प्लेट संपलेली होती.

चावून चोथा केलेली हाडं. भाकरीचे ओले, चिवडलेले तुकडे. आणि त्यातच हात धुतले होते. पिवळं, तेलकट पाणी प्लेटच्या काठापर्यंत आलेलं. त्यावर भाताची शितं तरंगत होती. तंबाखूचा वास येत होता. आमच्या घरात कुणी तंबाखू खात नाही.

आणि ती प्लेट त्याच्या खुर्चीसमोर नव्हती.

माझ्या खुर्चीसमोर सरकवलेली होती.

मी मोरीत जाऊन ओकले. तोंड धुते न धुते, तोच दार वाजलं.

निरंजन. हातात मोगऱ्याचा गजरा. त्याने टेबलाकडे पाहिलं.

"जेवलीस?"

"अरे, मी नाही..."

"माझ्यासोबत बसायचीसुद्धा किळस येते?" त्याने गजरा टेबलावर ठेवला. "बरं. मी आजच जातो."

काय सांगणार होते? कुणीतरी येऊन जेवून गेलं? 

"बस," मी म्हणाले. "माझं ताट जेव. मग मी तुझ्याच ताटात जेवते."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बसला. मी ती घाण प्लेट दोन बोटांनी उचलून मोरीत टाकली. तो जेवला. जेवण झाल्यावर त्याने प्लेट माझ्याकडे सरकवली. हळूच, एका बोटाने.

मी त्यातच भात वाढून घेतला. पहिला घास घशात अडकला, डोळ्यांत पाणी आलं. निरंजनला वाटलं मी रडतेय. त्याने माझ्या केसांत गजरा माळला.

प्लेट मी संपवली.

सकाळी वर जाऊन मावशींना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"वाढून ठिवलं हुतंस व्हय? मानूस बसल्याबिगर?"

"हो."

"तसं ठिवू न्हाई, बाय." त्यांनी सुपातले तांदूळ पसरले. मग बोलल्या, "चाळीस वरीस मी ह्यांच्या ताटात जेवले. आदी ह्यांनी जेवायचं, ताटातच हात धुवायचा. मंग ते पानी वतून टाकायचं आन् त्याच ताटात मी. घासायचं न्हाई. ताट घासल्यालं त्यांना खपत नव्हतं."

"किळस नाही आली?"

"पयल्या दिसी लई वकले." त्यांनी सुपातला खडा काढून टाकला. "ह्ये गेले, मला वाटलं सुटले. पन ताट म्होरं यायचंच. म्हनून मी वर आले, खालचं भाड्यानं दिलं."

मला संताप आला. "आम्हाला सांगायचं तरी, मावशी."

"सांगितलं असतं तर ऱ्हायली असतीस?"

मी उठले. दारात पोचले तेव्हा त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "नवऱ्याच्या ताटात जेवलीस न्हवं? कसं लागलं?"

मी खाली आले.

पुढच्याच महिन्यात आम्ही हिंजवडीला नवव्या मजल्यावर राहायला आलो. इथे कसला आवाज नाही, कसला वास नाही. निरंजन शेखरकडे गेला नाही. तो खूश आहे. मी रोज त्याच्या ताटात जेवते, हे तो कौतुकाने सगळ्यांना सांगतो. त्याला ते प्रेम वाटतं.

मावशींना जे सांगितलं नाही, ते इथे सांगते. त्या रात्रीचा तो भात गोड लागला होता. पहिला घास सोडला तर सगळा गोड लागला. आता घासलेल्या ताटात घास माझ्या घशाखाली उतरत नाही. करून पाहिलंय. ओकारी येते. मला माझीच किळस येते.

परवा जेवण झाल्यावर निरंजनने ग्लासातलं उरलेलं पाणी ताटात ओतलं. फोनवर बोलत बोलत त्यात बोटं धुतली. असं त्याने आजवर कधीच केलं नव्हतं.

मग एका बोटाने ताट माझ्याकडे सरकवलं.

त्याला ओरडायला हवं होतं. मी पाणी ओतून टाकलं, आणि त्याच ताटात भात वाढून घेतला.