आबांच्या पायांतली गर्दी

सकाळी आबांच्या चपला पायात अगदी नीट बसत आणि संध्याकाळी त्याच चपला चावत. आता चपला काही दिवसभरात आटत नाहीत. मग रोज पाय कोण फुगवत होतं?

शाल्मलीला हे कोडं सोडवणं भागच होतं. तिची आई अंतराळस्थानकात कामाला होती. काटोलजवळच्या त्यांच्या गावामागच्या टेकडीवरून ते स्थानक संध्याकाळी सरकत्या ठिपक्यासारखं दिसे. आजोबा आणि नात मिळून त्याला हात करत. आबांचे पाय दुखू लागल्यापासून ती एकटीच जाई. एकटीने हलवलेला हात खाली कधी घ्यायचा, हेच तिला कळत नसे. मग फार एकटं वाटे.

दवाखान्यातून गोटू आला. गोटू म्हणजे गोल पोटाचा यंत्रमानव. त्याने आबांच्या पोटरीवर प्रकाश टाकला आणि शिरेच्या आतलं चित्र भिंतीवर उमटलं.

"आबा मास्तर. जन्म फळ्यापुढे उभ्याने गेला," गोटू म्हणाला. "पायांतलं रक्त वर चढताना मागे घसरू नये म्हणून शिरांत झडपा (एकाच बाजूला उघडणारी दारं) असतात. आबांच्या झडपा सैल झाल्यात. दिवसभर रक्त खाली तुंबतं. झोपलं की पाय आडवे होतात आणि सूज उतरते."

"आणि शिरेच्या आत कडेला चिकटलेले ते पांढरे गोळे?" शाल्मलीने विचारलं.

"पांढऱ्या पेशी (रोगजंतूंशी लढणारे रक्तातले शिपाई)."

"मग चांगलंच की!"

"शत्रूच नसताना शिपाई ठाण मांडून बसले तर? तुंबलेल्या रक्तात ते शिरेला चिकटतात, खवळतात आणि झडपांनाच इजा करतात. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यांत संत्र्याच्या जातीच्या फळांच्या सालीतली फ्लॅव्होनॉइड (वनस्पतींत तयार होणारी द्रव्यं) होती. त्या द्रव्यांमुळे शिपायांची चिकटण्याची खोड कमी होते.

शाल्मलीने नेमकं 'साल' तेवढं ऐकलं. संत्र्यांच्या बागांनी वेढलेल्या त्यांच्या गावात सालींना काय तोटा! दुसऱ्या दिवशी तिने चहात मूठभर साली उकळल्या.

"काहून गं माय, चहा असा कडूजहर?" आबांचं तोंड वाकडं झालं.

"तुम्ही लवकर बरं व्हावं म्हणून," ती रडवेली होऊन म्हणाली. "मला नाही जायचं एकटीला टेकडीवर."

आबांनी कप खाली ठेवला. दुखणं सांभाळत ते दिवसभर खुर्चीत बसून असत. पोर एकटी पडलीय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"साल म्हणजे गोळी नव्हे," गोटूने समजावलं. "सालीतलं द्रव्य वेगळं काढून, शुद्ध करून, अगदी बारीक दळतात, तेव्हा ते अंगी लागतं. आणि सैल झडप काही गोळीने घट्ट होत नाही. आबा, चालायला हवं. पोटरी आवळली की तीच रक्त वर ढकलते."

हळूहळू सूज ओसरू लागली. एका संध्याकाळी आबा अर्ध्या टेकडीपर्यंत पोचले आणि धापा टाकत दगडावर टेकले.

"तू जा वर," ते म्हणाले.

"नाही. इथूनच करू हात."

ठिपका आला. दोघांनी हात हलवले. इतक्या दुरून आईला आपण दिसत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. ठिपका दिसेनासा झाला तरी शाल्मलीचा हात वरच होता.

आबांनी तो हात आपल्या हातात घेतला. "उद्या त्या वरच्या पळसापर्यंत," ते म्हणाले.