वरची फळी का खचली?

मँडोलिन कामाच्या टेबलावर होतं आणि त्याचं पोट आत गेलं होतं. तारा टेकतात त्या घोडीखालची फळी खचून आठही तारा लुळ्या पडल्या होत्या.

"काल संध्याकाळी ठणठणीत होतं," कारागीर बाई म्हणाल्या. "कुणीतरी मुद्दाम मोडलंय."

फौजदारबाईंना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्या सुताराच्या लेक होत्या. कष्टाचं काम करून त्यांच्या बापाने वर चोर म्हणवून घेतलं होतं. तेव्हापासून कारागिरावरचा खोटा आळ त्यांना सहनच होत नसे.

"कुणी कशाला मोडेल?" दारातून बाईंचा दीर हसला. "वहिनींना कामच जमत नाही. नाचता येईना, अंगण वाकडं!"

आठ महिन्यांपूर्वी नवरा गेल्यापासून बाई एकट्याच कारखाना सांभाळत होत्या. घरच्यांनी ठरवून टाकलं होतं, वाद्यवृंदातल्या वादकाने हे मँडोलिन पसंत केलं तर कारखाना बाईंकडे, नाहीतर किल्ली दिराकडे. निकाल आज होता, आणि वादक कोपऱ्यात तोंड पाडून उभा होता.

"फळी जास्त पातळ झाली होती का?" फौजदारबाईंनी विचारलं.

"कडेला पातळ, मधे जाड. तशी कोरली तरच ती हलते. सगळीकडे जाड ठेवली तर डबा बडवल्यासारखा आवाज येतो. आणि वीस दिवस तारा ताणलेल्या होत्या. बसायची असती तर आधीच बसायला लागली असती."

"काल कुणी वाजवलं?"

"मी," वादक म्हणाला. "हात उचलला तरी स्वर खोलीत रेंगाळत होता. असं मँडोलिन मी आजवर ऐकलेलं नाही. मग बाईंनी माझ्यासमोर कुलूप लावलं, आम्ही बरोबरच निघालो."

फौजदारबाई दिराकडे वळल्या. "तुम्ही याला शेवटचा हात कधी लावला?"

"मी? कधीच नाही. पाठ चिकटवून याची पेटी बंद केली तेव्हा मी परगावी होतो. काम चालू असताना तर वहिनी दार लावून बसायच्या!"

"किल्ली आहे तुमच्याकडे?"

"भावाचा कारखाना आहे, असणारच. अहो, दादाने तीस वर्षं फळीखाली दोन उभ्या पट्ट्या लावल्या, एक फळी बसली नाही. यांनी फुली मारायला घेतली, झालं वाटोळं!"

फौजदारबाईंनी फळीत आवाजासाठी कोरलेल्या वळणदार फटीतून आत टॉर्च मारला. पाठीच्या फळीवर आतून एक चिठ्ठी चिकटवलेली होती. शाई पसरून नावाचा नुसता निळा डाग उरला होता. बाहेरच्या पॉलिशवर मात्र पाण्याचा टिपूसही पडल्याची खूण नव्हती. आतून ओल्या सरसाचा वास येत होता.

"नाव कुणाचं?"

बाईंनी वाकून पाहिलं, आणि त्यांचा आवाज फाटला. "माझं! तीस वर्षं फळ्या मी कोरल्या, चिठ्ठी त्यांच्या नावाची लागली. हे पहिलंच माझ्या नावाचं होतं!"

"पेटी उघडा."

बाईंनी गरम सुरी कडेने फिरवून पाठ सोडवली. फळीखालच्या आधारपट्ट्या सुटून आत पडल्या होत्या. पट्ट्या दोनच होत्या, मधोमध खाचेत बसवून एकमेकींवर फुलीसारख्या तिरक्या जोडलेल्या.

"फुली कशाला?" फौजदारबाईंनी विचारलं.

"उभ्या पट्ट्यांनी आवाज टोकदार येतो. फुलीने तो गोल, भरीव होतो. कुणालाच सांगितलं नव्हतं मी. वाजल्यावर सांगणार होते."

फौजदारबाईंनी फुली उचलून दिराच्या नाकासमोर धरली.

"सरसाने जोडलेलं लाकूड जोराने तुटलं की दुसऱ्या लाकडाचे धागे ओरबाडून आणतं. इथे एक धागा नाही. म्हणजे फळी खचल्यामुळे पट्ट्या सुटलेल्या नाहीत. पट्ट्या आधी सुटल्या, म्हणून ताणाने फळी खचली. आणि सरस सुटतो ऊन पाण्याने. कुणीतरी फटीतून गरम ओला बोळा तारेने आत सारला. तेच पाणी चिठ्ठीवर टपकलं."

"मग? हा वादकही असेल!"

"ते बाईंबरोबर निघाले, आणि त्यांच्याकडे किल्ली नाही. तुमच्याकडे आहे. शिवाय बंद पेटीतली फुली तुम्हाला कशी दिसली? बोळा नेमका कुठे लावायचा ते बघायला आत आरसा सारलात तेव्हा ना?"

दिराचा चेहरा काळाठिक्कर पडला. मग तो उसळला. "दादाचं नाव काढून स्वतःचं लावते! आमच्या घराण्याचा कारखाना बाईच्या नावावर चालणार?"

"भाऊजी," बाई कडाडल्या, "तुमच्या घराण्यात रंधा धरता येणारी आता मी एकटीच आहे!"

"किल्ली टेबलावर ठेवा," फौजदारबाई म्हणाल्या. "आणि चला चौकीत."

त्याने किल्ली ठेवली. बाहेर थांबलेला शिपाई त्याला घेऊन गेला.

वादकाने घसा साफ केला. "दुरुस्त होईपर्यंत मी थांबतो, बाई. हेच हवंय मला."

बाईंनी फळी उजेडाकडे धरली. ती वाकली होती, पण चिरली नव्हती. त्यांनी शिसपेन्सिल घेतली आणि नवी चिठ्ठी न शोधता थेट लाकडावर, फळीच्या आतल्या बाजूला, आपलं नाव लिहायला सुरुवात केली. इतका जोर लावला की टोक मोडलं. त्यांनी पटाशीने टोक काढलं आणि शेवटचं अक्षर पुरं केलं.

"आता ओता म्हणावं पाणी," त्या म्हणाल्या, आणि सरसाचं भांडं शेगडीवर ठेवलं.