मले मोजलं ना, मॅडम?

ही गोष्ट कुणाला खोटी वाटली तर वाटो. मला ती माझ्या सख्ख्या मावशीनं सांगितली, आणि रत्नमाला मावशी म्हणजे भुताखेतांची टिंगल करणारी बाई.

२०११ ची जनगणना. दोन मार्चची संध्याकाळ. लाखांदूर तालुक्यातलं दिघोरी.

मावशी शेजारच्या गावात शिक्षिका होती. दिघोरीतली काही घरं मोजायला तिच्या वाट्याला आली होती. फेब्रुवारीत ती तळ्याच्या पाळीजवळ, म्हणजे बांधाजवळ, रुखमिणीच्या घरी गेली. रुखमिणीचा नवरा वारलेला. घरात ती आणि नऊ वर्षांची मोना, दोघीच.

लग्न झालेल्या प्रत्येक बाईला तेव्हा एक प्रश्न विचारावाच लागायचा. मुलं किती झाली, जिवंत किती?

"झाले तीन," रुखमिणी म्हणाली. "वाचली हे एकच."

मोना मात्र भलतीच खुशीत होती. "मले बी मोजलं ना, मॅडम?"

"मोजलं गं बाई."

मोजणी अठ्ठावीस फेब्रुवारीला संपली. पण त्यानंतर पाच दिवस पुन्हा तीच घरं फिरायची होती. अठ्ठावीसच्या मध्यरात्रीपर्यंत कुणी जन्मलं असेल तर वाढवायचं...

कुणी गेलं असेल तर नाव कापायचं.

त्या फेरीत मावशी पाळीवरून आली. मागच्या वेळी अंगावर धावून आलेलं कुत्रं आज गप्प पडून होतं.

चुलीचा धूर नव्हता.

दाराच्या पायरीवर मोना बसली होती... गुडघ्यांत मान घालून.

"काय गं, आई कुठं गेली?"

मावशीनं पिशवीतून कागद काढले.

"घरात अजून दोघीच ना?"

मान हलली. मग अगदी हळू आवाज आला...

"मले मोजलं ना, मॅडम?"

मावशीला हसू आलं. "कितीदा मोजू तुला?" असं म्हणत ती शेजारी चंद्रभागाबाईकडे गेली.

तिथं भिंतीला टेकून रुखमिणी बसली होती. मावशी तिच्यावर रागावलीच. "अहो, दिवेलागणीच्या वेळी पोरीला एकटीला दारात बसवून इथं काय करता?"



चंद्रभागाबाईच्या हातातली भाकर तव्यावर पडली. "मॅडम, काय बोलून राहिल्या तुमी? मोना तं गेली ना... परवा सकाळी. तापानं. तवापासून त्या घराले कुलूप हाय."



रुखमिणी उठली आणि अनवाणी धावत सुटली. मावशी तिच्यामागे गेली.

दाराला कुलूप होतं. पायरी रिकामी होती.

"कोनत्या जागी बसली होती?"

मावशीनं बोट दाखवलं. रुखमिणी त्याच जागी बसली. पायरीवरून हात फिरवत राहिली. "मोना... ओ मोना..."

आत काही वाजलं नाही. कुणी ओ दिली नाही.

मावशीला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पण काम राहिलं होतं. मोना अठ्ठावीसच्या सकाळी गेली होती, म्हणजे त्या मध्यरात्री ती हयात नव्हती. नियमानं तिचं नाव कापायलाच हवं होतं. तिनं पेन काढला, तसा रुखमिणीनं तिचा हात धरला.

"नोका कापू, मॅडम. आत्ता तं होती म्हनता ना?"

मावशीनं नाव कापलं. रडत रडत कापलं. रुखमिणीनं हात सोडून दिला. मग अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं,

"मॅडम, माई पोरगी तुमाले दिसली. मंग मले काहून नाही दिसत?"

 आजही नव्या जनगणनेची बातमी टीव्हीवर लागली की मावशी उठून आतल्या खोलीत जाते, आणि आम्ही कुणी तिच्यामागे जात नाही.