मधला शेजारी

भिंगऱ्याला ते नाव त्याच्या आईनंच ठेवलेलं. लहानपणी तो ताटावरसुद्धा धड बसत नसे. एक घास पाटावर, दुसरा दारात. आता पन्नाशी जवळ आली, केस विरळ झाले, तरी पायाची भिंगरी काही थांबली नाही. धंदाही तसाच मिळाला. आज या कचेरीत, उद्या त्या कारखान्यात, कॉम्प्युटर एकमेकांना जोडत फिरायचं. त्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

म्हणूनच वृद्धनिवासाच्या व्यवस्थापक बाईंनी तिथली जुनी जोडणी बदलायचं काम त्याला दिलं. तशी त्याची तिथं ओळखही होती. आठ नंबरच्या खोलीत त्याची आई राहत होती.

इमारत बैठी आणि चौकोनी. मधे फरसबंदी चौक, भोवती व्हरांडा, व्हरांड्याला लागून अकरा खोल्या. प्रत्येक खोलीत भिंतीवर एक करडी पेटी, आणि पेटीतून पलंगापर्यंत आलेली तळहाताएवढी धातूची पट्टी. पेट्या गोलाकार जोडलेल्या होत्या. पहिलीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, आणि अकरावीतून वळसा घालून परत पहिली. या रिंगणात एक पाळी सतत फिरत राही. पेटीकडे पाळी आली की तिनं 'मी आहे' एवढं सांगायचं आणि पाळी पुढच्या पेटीला द्यायची. पट्टीवर हात ठेवला की हे सगळं कळे. पाळी आली, एक हलका ठोका; पुढच्यानं घेतली, दुसरा. डोळे गेलेली, कान गेलेली माणसं त्या पट्टीवर हात ठेवून निवांत पडून राहत. एकानं ओळ म्हणावी, दुसऱ्यानं झेलावी, तसं ते दिवसरात्र चाले. आपल्या आधीचा आहे, आपल्या नंतरचा आहे, म्हणजे सगळे आहेत.

खोट एकच होती. एक पेटी बिघडली की सगळं रिंगण ठप्प. म्हणून बाईंना आता प्रत्येक खोलीतून स्वतंत्र वायर थेट आपल्या टेबलापाशी आणायची होती. एक तुटली तरी बाकीच्यांना त्याचा पत्ता लागायला नको.

"माझी खोली आधी कर," पहिल्याच सकाळी आई म्हणाली.

"आई, तू घरची. लोकांच्या आधी करू दे. नाहीतर म्हणतील, आईचं आधी केलं."

"लोक काही म्हणत नाहीत रे. तूच मला शेवटी ठेवतोस. रविवारीसुद्धा गावभरची कामं उरकून उन्हं कलल्यावर येतोस, आणि आलास की बूड टेकवत नाहीस."

"बसतो की आज."

"बस बघू."

तो पलंगाच्या कडेला टेकला. तेवढ्यात फोन वाजला म्हणून उठला. फोन खिशातच होता, उठायची काही गरज नव्हती. आई हसली, पण तिची बोटं पट्टीवरून हलली नाहीत.

"हल्ली हा पाळी धरून बसतो," ती म्हणाली. "लवकर सोडत नाही."

"कोण, मास्तर?" सात नंबरात एक निवृत्त गणिताचे मास्तर राहत.

"मास्तर कशाला धरतील? मधला."

तिचं वय ऐंशी. भिंगऱ्यानं मान डोलावली आणि तो कामाला लागला.

आधी त्यानं लॅपटॉप जोडून सगळं रिंगण तपासून घेतलं. अशा रिंगणात प्रत्येक पेटीला फक्त एवढंच ठाऊक असतं, की आपल्याला पाळी कुणी दिली. त्यानं एकेकीला विचारत यादी केली. दोनला एकनं दिली, तीनला दोननं. सगळं सुरळीत. आठ नंबरच्या पेटीनं मात्र सात असं उत्तर दिलं नाही. तिनं नुसती शून्यं दाखवली. आणि त्या शून्यवाल्याला पाळी कुणी दिली, तर सातनं.

अकरा खोल्या आणि पाळी घेणारे बारा.

सात आणि आठच्या मधली भिंत वीतभर जाडीची. त्यानं सातमध्ये वायर ओढली, आठमध्ये ती हलली. भोकात बॅटरी मारून पाहिलं. एकच वायर, अखंड, मधे सांधासुद्धा नाही.

'पेटी म्हातारी झाली, बरळतेय,' असं मनाशी म्हणून त्यानं पहिल्या खोलीपासून सुरुवात केली. एकेक पेटी काढायची, तिच्या दोन्ही बाजूंच्या वायरी एकमेकींना जोडून उरलेलं रिंगण चालू ठेवायचं, आणि खोलीला नवी वायर द्यायची. पहिल्या दिवशी सहा खोल्या झाल्या. यादी आखडत गेली. शून्यवाला जागचा हलला नाही. उलट घड्याळ लावून पाहिलं तर तो प्रत्येक फेरीत पाळी थोडी थोडी जास्त वेळ धरत होता. जसजसे कमी होत गेले तसतसा जास्त.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांची खोली निघाली. नवी वायर लागली तेव्हा मास्तर आपला तळहात धोतराला पुसत होते.

"बरं केलंस. माझी सुटका झाली."

"कशातून, मास्तर?"

"शेजाऱ्यातून. देताना जीव जायचा. घेता घेत नसे, आणि घेतलं की हात थोडा वेळ गार पडे."

"तुमच्या शेजारी तर माझी आई."

मास्तर त्याच्याकडे पाहत राहिले. पोराला साधी बेरीज येईना तेव्हा पाहत असतील, तसं. "तुझी आई तुझ्यासारखीच चटपटीत आहे रे, ती कशाला अडवेल? तिला आज मोकळं कर. उद्यावर नेऊ नकोस."

संध्याकाळी पाच वाजता दहा खोल्या झाल्या होत्या. उरली आठ. अर्ध्या तासाचं काम. पण नव्या वायरीचं भेंडोळं संपलं होतं, दुसरं गाडीत होतं, आणि गाडी फाटकाबाहेर. शिवाय एका गिऱ्हाइकाचे तीन फोन येऊन गेले होते. त्यानं शेवटचं म्हणून लॅपटॉपवर पाहिलं. आता रिंगणात एकटी आठ असायला हवी होती, स्वतःचीच पाळी स्वतःला देणारी.

आठला कुणी दिली? शून्यानं.

शून्याला कुणी दिली? आठनं.

दोघांच्या रिंगणात आधीचा आणि नंतरचा शेजारी एकच असतो. हे त्यानं किती शिकाऊंना हसत हसत सांगितलं होतं. आता तो हसला नाही. तरी त्यानं पिशवीची चेन ओढली.

"उद्या सकाळी पहिलं तुझंच, आई."

आईनं पट्टीवरचा हात उचलून पदराखाली घेतला.

सकाळी आठ वाजायच्या आधीच तो आला. आई पलंगाच्या बरोबर मध्यावर बसली होती. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले. रात्रभर तशीच असावी. केस विंचरलेले नव्हते, आणि ही गोष्ट त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

"आई?"

"इकडून तोच देतो," ती हळू म्हणाली. "तिकडून तोच घेतो."

त्यानं पिशवी उघडली. जुनी पेटी उपसली, पट्टी काढली, नवी वायर लावली. धावत बाईंच्या टेबलापाशी जाऊन पाहिलं. अकरा हिरवे दिवे. परत येऊन भिंतीतली जुनी वायर पूर्ण ओढून काढली, गुंडाळली आणि चौकात नेऊन टाकली.

"झालं, आई. संपलं. आता काही नाही तिथं."

"अजून येतंय."

"वायरच नाही ना राहिली."

"वायरीचं मला नको सांगूस." तिनं डावा हात मांडीखालीच ठेवला आणि उजवा बाहेर काढला. "इथं बस. माझ्या या बाजूला तू राहा. म्हणजे तो एकाच बाजूला राहील."

भिंगऱ्या बसला. तिनं त्याचा डावा हात घट्ट धरला. तिचा तळवा पाण्यात भिजत ठेवल्यासारखा गार होता. फोन वाजला, वाजत राहिला. तो उठला नाही.

थोड्या वेळानं तिच्या बोटांनी त्याचा तळवा हलकेच दाबला. एकदा.

तिचा चेहरा सैल पडला. किती वर्षांनी तिनं त्याच्या खांद्यावर मान टेकली, देवाचं नाव घेतलं आणि डोळे मिटले.

त्याचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता. त्या बाजूला मोकळी चादर, आणि तिच्यापुढे भिंत.

बराच वेळ काही झालं नाही.

मग त्या तळव्यातून कुणीतरी पाळी घेतली. सावकाश.

व्यवस्थापक बाई दारात आल्या. "झालं ना हो सगळं? निघताय?"

"नाही," तो म्हणाला. "बसतो."

त्या गेल्या. आईचा श्वास संथ चालला होता. झोपेतच तिच्या बोटांनी पुन्हा त्याचा तळवा दाबला.

त्यानं उजवा हात पुढे केला.