बुजवलेल्या खड्ड्यातला पाना

यावर एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. पैज लावा. तरी गोष्ट खरी आहे.

दोन हजार सातचा पोळा. गोंदियात, गुलाबचंद सेठच्या गॅरेजात.

यातला जागेश्वर म्हणजे मीच. पण भुताची गोष्ट सांगताना 'मी' म्हणू नये...

ते ओ देतं.

तर हा जागेश्वर. त्याचं अर्धं आयुष्य गॅरेजच्या खड्ड्यात गेलं. वर गाडी, खाली हा, तोंडावर काळं ऑइल. खड्डा त्याला उस्ताद रामलालकडून मिळालेला. रामलाल तर त्या खड्ड्यातच छाती धरून गेला.

मग सेठनं लिफ्ट आणली. दोन खांबांची, लालभडक. खड्डा मुरूम टाकून बुजवला.

आणि लिफ्टचं बटण दिलं कोणाला? खुशालला! जागेश्वरच्याच हाताखाली शिकलेल्या खुशालला.

गिऱ्हाइकं येताच विचारायची, "खुशालभाऊ कुठंय?"

जागेश्वर बुजवलेल्या खड्ड्याकडे पाहत राहायचा.

पोळ्याच्या सांजेला बाकीचे बैल पाहायला गेलेले. गॅरेजात दोघंच. खुशालनं एक गाडी खांबांच्या मधोमध घेतली. लिफ्टचे चारही हात गाडीच्या जाड कडेखाली नीट लावले. फोन वाजला म्हणून बाहेर गेला. परत आला, बटण दाबलं. चाकं जमिनीवरून सुटताच थांबला, गाडी हलवून पाहिली.

पक्की.

मग डोक्यावर नेली, लॉकवर बसवली आणि खाली शिरला.

तेवढ्यात लाइन गेली.

पंखा थांबला. बाहेरची बैलांची घुंगरंही थांबली...

आणि बुजवलेल्या खड्ड्यातून आवाज आला.

टण... टण... टण...

पान्याचा! वरचं कोणी ऐकेना की रामलाल अस्साच पाना आपटायचा.

मग मुरुमाखालून कोणीतरी बोललं.

"त्याले लिफ्ट... अन् मले माती?"

जागेश्वरनं वर पाहिलं. लिफ्टचा मागचा हात... हळूहळू... आपोआप सरकत होता. जाड कडेवरून पातळ पत्र्याखाली.

खुशाल खालीच. दातात टॉर्च धरून सायलेन्सरचा नट सोडवत होता.

जागेश्वरला ओरडायचं होतं. पण कानाशी कोणीतरी कुजबुजलं...

पडू दे.

टण...

पडू दे. बटण तुझंच होईल.

"खुशाल! हट बे!"

खुशाल बाहेर उडाला. पत्रा करकरला, गाडी कलली आणि खांबाला टेकून अडकली. तो जिथं उभा होता, तिथं एक चाक लोंबत होतं.

तेव्हापासून मी... म्हणजे जागेश्वर... त्या मुरुमावर पाय ठेवत नाही.

चहाच्या ठेल्यावर सगळे पुढे सरकून ऐकत होते. ठेलेवाल्या पुष्पाबाईनं स्टोव्ह बारीक केला. मी आवाज आणखी खाली आणला.

"आजही पोळ्याला तिथं कान लावला, तर..."

"काका."

मागच्या बाकावरून खुशाल बोलला. तो कधी येऊन बसला, मला दिसलंच नव्हतं.

"गाडीचं वजन आलं का लिफ्टचा हात जाम होते. भुताच्या बापाच्यानं हलत नाही. तो सरकवला, ते गाडी जमिनीवर असताना. मी बाहेर फोनवर होतो तेव्हा."

त्यानं कप खाली ठेवला.

"गोष्ट सांगून राहिला, तं पुरी सांग. रामलालउस्ताद तं मेला होता. आत कोण होता?"