सोड म्हणेपर्यंत

"काकू, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवता," ट्रॉय म्हणाला आणि त्याने कागद काउंटरवरून तिच्याकडे सरकवला.

रेलीन डकेटने आधी कागदाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पंचविशीचा पोरगा. केस चोपून बसवलेले, खिशावर कंपनीचं नाव शिवलेलं, नखं स्वच्छ. गाड्यांच्या धंद्यातल्या माणसाची नखं इतकी स्वच्छ दिसली की रेलीनचं डोकं उठायचं.

"तुझी काकू घरी असेल," ती म्हणाली. "तीस वर्षं क्वीन्सटाउनला गॅरेज चालवलंय मी. ब्रेकवर पाय ठेवून शिकाऊ पोरं चालवतात."

"मग तर तुम्हाला कळायलाच हवं. नऊशे किलोमीटरमध्ये चारही चाकांचे पॅड संपले. डिस्क तापून निळ्या झाल्यात. मास्टर सिलिंडर, बूस्टर, चारही कॅलिपर, आतला कॉम्प्युटर, सगळं बदलावं लागेल. सहा हजार चारशे डॉलर."

"काय काय बदलायचं ते नको सांगूस. बिघडलंय काय ते सांग."

"सगळं बदललं की बिघडलेलंही बदललं जातं ना!"

शेजारच्या टेबलावरची मुलगी फिसकन हसली. रेलीनचे कान तापले. बर्नी शहरातल्या या चकचकीत दुकानात यायची तिला हौस नव्हती. पण चार आठवड्यांत दोनदा स्वतः पॅड बदलूनही चाकं धरत होती, आणि तिला स्वतःचाच संशय यायला लागला होता. वय बासष्ट. हात थरथरत नव्हते, पण हल्ली झोप नव्हती.

"आणि ती सीटही बघून घ्या," ट्रॉय म्हणाला. "आमचा माणूस तुमच्या मापाने पुढे घेतो, गाडी फिरवून येतो, तोवर ती पार मागे गेलेली असते. खिट्टी खराब असेल."

"खिट्टी ठीक आहे."

"असेल. पण ही गाडी उतारावर नेऊ नका. मी सांगितलंय, तसं लिहूनही ठेवलंय. उद्या काही झालं तर आमच्याकडे बोट दाखवायचं नाही."

"लिहून ठेव," किल्ली उचलत ती म्हणाली. "तेवढंच येतंय तुला."

घर सव्वादोन तासांवर. अर्ध्या वाटेतच जळका वास येऊ लागला. तिने तीनदा थांबून चाकं थंड होऊ दिली. दरवेळी पुन्हा बसताना सीट थोडी मागे गेलेली वाटली, पण तिने ते मनावर घेतलं नाही. मनात एकच गोष्ट होती. आज मंगळवार. गुरुवारी सकाळी आठला होबार्टला टॅमसिनचं, तिच्या लेकीचं, सिझेरियन होतं. पोराचा बाप केव्हाच पसार झाला होता. "आई, तू असशील ना? मला आत नेताना कुणीतरी आपलं माणूस पाहिजे," टॅमसिन फोनवर म्हणाली होती, आणि रेलीनने तिला शब्द दिला होता. गॅरेज विकून झालं होतं. शुक्रवारी नवा मालक किल्ल्या घेणार होता. सामान मागच्या हौद्यात बांधून तयार होतं. ती आता या गावात परत येणार नव्हती.

बुधवारी सकाळी तिने गाडी शेडमध्ये घेतली. पत्र्यावर पाऊस वाजत होता, तो तिथे वाजतच असतो. समोरचे उघडेबोडके डोंगर ढगात गेले होते. तिने गाडी जॅकवर चढवली, इंजिन बंद केलं, आणि हाताने पुढचं चाक फिरवून पाहिलं. हललं नाही. दुसरं, तिसरं, चौथं. चारही गच्च.

ती एकेक शक्यता बाद करत गेली. एक कॅलिपर अडकला तर एकच चाक धरतं, चार एकदम अडकत नाहीत. बूस्टरने धरलं म्हणावं तर मास्टर सिलिंडरचे नट सैल करून पुढे ओढल्यावर चाकं सुटायला हवीत. ओढल्यावर चाकं सुटली. पण नट परत आवळले आणि ती कपड्याला हात पुसत होती तोवर चाकं पुन्हा गच्च झाली. या मधल्या वेळात गाडीला कुणी हात लावला नव्हता.

मग तिचं लक्ष मागच्या भिंतीकडे गेलं. भिंत लाल दिसत होती.

ब्रेकचे दिवे पेडल दाबल्याशिवाय लागत नाहीत. तिने वाकून दारातून आत पाहिलं. सीट पार मागे होती. पेडल दोन बोटं खाली गेलेलं होतं, त्यावरचं रबर मधोमध दबलं होतं. तिने पेडलखाली बोटं घालून वर ओढून पाहिलं. वर येईना. वर कुणाचं तरी वजन होतं.

रेलीन मागे सरकली आणि बाकावर बसली. तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. तो राग जुना होता, तीस वर्षं मुरलेला.

मर्व, तिचा नवरा, याच गाडीत गेला होता. दहा महिन्यांपूर्वी, याच शेडमध्ये.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. मर्व सहा फूट दोन इंच, तो सीट मागे ढकलून वर बसायचा. रेलीनचे हात लहान, ती गाडीखाली. ती म्हणायची "दाब," तो पेडल दाबायचा. ती म्हणायची "धर," आणि चाकामागचं निपल, हवा काढायचा बारका स्क्रू, सैल करून हवा बाहेर जाऊ द्यायची. निपल आवळलं की "सोड." तो तोंडाने उत्तर द्यायचा नाही, अंगठी स्टिअरिंगवर टक्कन आपटायचा. त्यांच्या गॅरेजात एकच नियम कधी मोडला जात नसे. खालून "सोड" म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. उचललास तर निपलातून हवा आत ओढली जाते, आणि पुढच्या वेळी ब्रेक नसतो.

त्या दिवशी सकाळपासून दोघांची जुंपली होती. होबार्टला लेकीजवळ जाऊन राहायचं, यावरून.

"तिला आपली गरज असती तर ती गेलीच नसती," मर्व वरून म्हणाला होता.

"मग मी एकटी जाते."

"तू? तू या घाटाच्या वळणांच्या पलीकडे तरी जाशील का गं?"

"दाब," ती म्हणाली होती.

टक.

"धर."

टक.

आणि मग ती गाडीखालून निघाली होती, निपल उघडंच ठेवून. मागच्या खोलीत जाऊन तिने चहा केला. बस म्हणावं पाय दाबून! शिकाऊ पोरांची अशी चेष्टा सगळेच करतात. मर्व हट्टी होता, तिच्या शब्दाशिवाय पाय उचलून हरणाऱ्यातला नव्हता. भिंतीपलीकडून ती चमचा मगात मुद्दाम वाजवत राहिली, त्याला ऐकू जावा म्हणून. दोन मग चहा प्यायली. चाळीस मिनिटं.

परत आली तेव्हा त्याची मान खाली होती आणि पाय पेडलवर होता. अँब्युलन्सवाल्यांना तो पाय सोडवायला दोघं लागले. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाला. लगेच की अर्ध्या तासाने, सांगता येत नाही. चहाचं तिने कुणालाच सांगितलं नाही. टॅमसिनलाही नाही.

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. भिंत लाल होती.

"मेल्या," रेलीन मोठ्याने म्हणाली, "अजून तसाच बसलायस होय?"

ती उठली. पाना घेतला आणि गाडीखाली गेली. पुढचं डावं निपल. पाना लावला. निपल आवळलेलंच होतं, तरी तिने ते आणखी चिमूटभर आवळलं. एक साधा शब्द म्हणायचा राहिला होता. दहा महिने उशीर झाला होता.

"सोड," ती म्हणाली.

काहीच झालं नाही.

"मर्व, सोड. चुकलं माझं. सोड आता."

टक.

वर स्प्रिंग करकरली. पेडल वर आल्याचा आवाज झाला. भिंतीवरचा लाल उजेड गेला. रेलीनने खालूनच चाकाला हात लावला, ते अलगद फिरलं. ती तिथेच सिमेंटवर पडून रडली, बराच वेळ.

दुपारी एकला ती निघाली. सीट पुढे घेतली, ती पुढेच राहिली. ब्रेक लागत होता आणि सुटत होता. गावाबाहेरच्या त्या नव्याण्णव वळणांवर तिने मुद्दाम तीन-चारदा गाडी थांबवून पाहिली. वास नाही, चाकं धरणं नाही. सहा हजार चारशे म्हणे! होबार्टला पोचल्यावर त्या ट्रॉयला फोन करून दोन शब्द सुनवायचे, असं तिने ठरवलं. खूप दिवसांनी तिला हसू आलं.

वर खिंडीपाशी टॅमसिनचा फोन वाजला. पुढे लांब उतार होता, म्हणून तिने गाडी कडेला घेतली. ब्रेक दाबून उभी केली. फोनकडे हात नेला.

"धर."

आवाज खालून आला होता. पुढच्या डाव्या चाकाच्या बाजूने, गाडीखाली पाठीवर पडलेल्या माणसाचा येतो तसा, दबका.

रेलीनचा हात फोनपर्यंत पोचला नाही. तो स्टिअरिंगवर गेला, तीस वर्षं ऐकलेल्या उत्तराच्या सवयीने, आणि बोटातली न निघणारी अंगठी त्यावर आपटली.

टक.

मग तिला कळलं आपण काय केलं ते.

खाली पाना फिरला. तिच्या पायाखालचं पेडल हळूच आत गेलं, तळापर्यंत. निपल उघडलं की ते असंच जातं. तो आवाज, तो हिसका तिच्याइतका कुणाला ठाऊक होता? आता पाय उचलला तर हवा आत जाणार. समोर उतार होता, खालच्या लिंडा गावापर्यंत, एका बाजूला डोंगर आणि दुसरीकडे काहीच नाही.

तिने हँडब्रेक ओढला. तो सैल, दोरीसारखा वर आला; गिअरचा दांडाही तसाच ढिला हलला.

"मर्व," ती म्हणाली. "टॅमसिन एकटी आहे रे तिथे."



फोन थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला. मागून आलेला एक ट्रक तिचे लाल दिवे बघून बाजूने निघून गेला, हॉर्नही न वाजवता. तिच्या पोटरीत गोळा आला. तिने दुसरा पाय पहिल्यावर ठेवला आणि दाबून धरलं.

ती "सोड" ऐकायला कान देऊन बसली. काचेवर पाऊस होता. बराच वेळ तेवढाच आवाज होता.

मग गाडीखालून दुसरा एक आवाज येऊ लागला. बारीक, सावकाश, न थांबणारा.

मगात चमचा ढवळल्याचा.